गृहीतागमा

भूम निजामी राज्यांत असतां तेथील मराठी मुलीस उच्च शिक्षणाच्या वाटेवर भाषाच आडवी येई. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू, तर मुंबई विद्यापीठाचें इंग्रजी. मातृभाषेंतून शिकविणारें महिला विद्यापीठ धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ सालीं पुण्याजवळ हिंगण्यास काढलें. पहिल्या वर्गांत विद्यार्थिनी अवघ्या ५ होत्या. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं १५ लक्ष रुपये दिले. परंतु ‘गृहीतागमा’ या पदवीस कायद्याची मान्यता नव्हती. विद्यापीठास ती १९५१ सालीं लाभली. तोंवर ३५ वर्षें लोटलीं होतीं. त्या मान्यतेसाठीं न थांबतां ज्या स्त्रिया शिकत राहिल्या, त्यांच्याच धैर्यानें हें विद्यापीठ तगलें. १९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झालें आणि भूमच्या मुलींनाही पदवीची वाट जवळ आली.