सुईनंतरचा सल

गणेशोत्सव असो वा शिवजयंती, सातारा-सांगलीत ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे भरतात. बहुतेकांचा हात एक-दोन दिवसांत पूर्ववत होतो. एखाद्याचा मात्र कित्येक आठवडे दुखत राहतो, आणि ‘एवढ्याशा सुईचे काय घेऊन बसलास?’ हेही त्यालाच ऐकावे लागते. इतिहासाची साक्ष त्या दुखऱ्या हाताच्या बाजूने आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सिरावेधावर, म्हणजे शीर उघडून रक्त काढण्यावर, स्वतंत्र अध्याय आहे. सदोष वेधाचे २० प्रकार तेथे मोजले आहेत. मर्मावर झालेला वेध त्यांपैकीच एक. शिरा माशांसारख्या चंचल, म्हणून या कामात कोणीही पुरता निष्णात नसतो, असेही ग्रंथकार सांगतो. कृष्णाकाठच्या वाचकाला ही उपमा उलगडून सांगायला नको.

सोळाव्या शतकात फ्रान्सचा राजा नववा शार्ल तापाने आजारी होता. त्याच्या हातातून रक्त काढताना शिरेऐवजी मज्जातंतूला टोच लागली. शल्यविशारद आंब्रुआज पारे याच्या नोंदीनुसार तीन महिने राजाला हात धड वाकवता वा ताणता येईना. पुढे तो बरा झाला.

कोपराच्या खळग्यात शिरांना लगटूनच मज्जातंतू जातात आणि त्यांची वाट प्रत्येकात थोडी निराळी असते. म्हणून सुई टोचताच विजेसारखी कळ बोटांकडे गेली, तर तत्क्षणी सांगावे, म्हणजे सुई काढता येते. मुंग्या वा बधिरपणा टिकल्यास डॉक्टरांना दाखवावे. असे तंतू बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरतात.

राजाने ती कळ लपवली नव्हती. रक्तदात्यानेही लपवू नये.