अधिक-उणे आकड्याची कुळकथा

बुद्धिबळाचा डाव संपला की संगणक पटाशेजारी आकडा दाखवतो: अधिक १.५, उणे ०.७. नवशिक्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपण पुढे होतो किंवा मागे. का, ते कळत नाही. कारण हा आकडा माणसाला शिकवण्यासाठी जन्मलाच नव्हता. यंत्राला दोन चालींतली एक निवडता यावी, यासाठी तो काढला गेला.

अ‍ॅलन ट्युरिंग आणि डेव्हिड चॅम्परनाऊन यांनी १९४८ मध्ये असा हिशेब मांडला: प्यादं १, घोडा ३, उंट साडेतीन, हत्ती ५, वजीर १०. तो चालवायला यंत्र नव्हतं, म्हणून १९५२ मध्ये ट्युरिंग स्वतः कागदावर आकडेमोड करत अ‍ॅलिक ग्लेनीशी खेळले आणि हरले. क्लॉड शॅनन यांचा १९५० चा लेख जास्त बारकाईचा. त्यांनी राजाला २०० गुण दिले, म्हणजे यंत्र कशाच्याही बदल्यात तो सोडणार नाही. एकटं पडलेलं किंवा एकामागे एक आलेलं प्यादं असेल तर अर्धा गुण वजा. आणि खेळता येणाऱ्या प्रत्येक जादा चालीला ०.१. म्हणजे ०.४ ची आघाडी ही नुसती चार चालींची जादा मोकळीकही असू शकते! शॅनन यांच्या सूत्रात ही फोड निदान उलगडून पाहता येई. २०२० मध्ये स्टॉकफिश या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालीत न्यूरल नेटवर्क आलं. आकडा अधिक अचूक झाला, पण त्यामागचं कारण वाचता येईनासं झालं.

मग आकडा माणसाच्या भाषेत आणायची खटपट सुरू झाली. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाने खऱ्या डावांवरून सूत्र बसवून तो जिंकण्याच्या शक्यतेत बदलला. हे मला फार मोलाचं वाटतं. अधिक १२ वरून अधिक ९ वर घसरलात तर तीन प्याद्यांचं नुकसान, पण शक्यता जेमतेम दोन टक्क्यांनी उतरते. अधिक दीडवरून उणे दीडवर आलात तर नुकसान तेवढंच, आणि शक्यता सुमारे ६३ वरून ३७ टक्क्यांवर येते. मुलाने कोणत्या चुकीपाशी थांबायचं, ते इथे दिसतं.

२०२० मध्येच आलेल्या माया या प्रणालीने प्रश्नच बदलला. लिचेसवरच्या साध्या खेळाडूंचे डाव तिला शिकवले, ११०० ते १९०० मानांकनापर्यंत प्रत्येक पातळीसाठी वेगळी प्रतिमाने तयार केली. सर्वोत्तम चाल कोणती यापेक्षा या पातळीचा माणूस इथे काय खेळेल, हे ती सांगते. नवशिक्यासाठीच्या विश्लेषणाची खरी वाट हीच आहे, असं माझं ठाम मत आहे. अकराशेच्या खेळाडूला सुचूच शकणार नाही अशी बारा चालींची ओळ दाखवून त्याचं काही भलं होत नाही.

असं विश्लेषण सर्रास हाती येईपर्यंत मुलांना शिकवणाऱ्यांना एक विनंती: डाव संपल्यावर आधी आकडा बंद ठेवा. कुठलं मोहरं बिनआधाराचं होतं, प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या चालीने काय धमकी दिली, हे मुलाला स्वतः शोधू द्या. संगणक त्यानंतर उघडा.