विक्रांत आमच्या दारी

आम्हां नांदेड-लातूरकरांचा समुद्राशी संबंध काय तो जेवणातल्या मिठापुरता. गोदावरीला पूर आला, की तीच आमची भरती! तरीही मुंबईला गेलेली आमची मंडळी राणीची बाग आटोपून ‘विक्रांत’कडे वळायचीच.

ही सातशे फुटी विमानवाहू नौका १९६१ साली आपल्या आरमारात आली. डिसेंबर १९७१ मध्ये तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्सबझार भाजून काढलं. १९९७ ला ती निवृत्त झाली, २००१ ला मुंबईतच संग्रहालय बनली. तिचं धावपट्टीचं डेक पाहून आमचे एक काका म्हणाले, “दीड-दोन एकर रान आहे की हो! दहा क्विंटल ज्वारी कुठं गेली नाही.”

पण जुनं पोलाद जपायला पैसा लागतो. तो कुणाच्याच खिशातून निघेना. २०१२ ला संग्रहालय बंद झालं, २०१४ ला नौका भंगारात गेली. काका हळहळले, “अरे, असं रान कुणी मोडीत काढतं का?”

२०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं. त्याच वर्षी विक्रांतचं पोलाद वितळवून घातलेली बजाजची मोटारसायकलही बाजारात आली. घागर बुडायला पाणी नाही, अन् युद्धनौका किकवर सुरू!

२०२२ पासून नवी विक्रांत आरमारात आहे. नाव तेवढं वाचलं.