मनगटाचा पट्टा आणि बाटलीचं तोंड

आमच्या हॉस्टेलमध्ये एक जुनं पूल टेबल आहे. तिथे एक मित्र मनगटाला कडक पट्टा बांधून सराव करायचा. पट्टा असला की क्यू सुतासारखा सरळ जायचा, काढला की पुन्हा येरे माझ्या मागल्या. मला हसू आलं नाही, कारण माझ्या पहिल्या पायलट प्रयोगात मी हीच चूक केली होती. सराव चालू असतानाचे आकडे मोजले आणि लोक 'शिकले' असं लिहून मोकळा झालो. गाईडनी एवढंच विचारलं, "दुसऱ्या दिवशी मोजलंस का?" दोन महिन्यांचा डेटा बाजूला ठेवावा लागला.

आधी मनगटाचं गणित बघू. क्यू टेबलावरच्या हातावर टेकलेला असतो. तिथून पकड 75 सेंमी मागे आणि टोक 25 सेंमी पुढे आहे असं धरा. पकड 6 मिमी डावीकडे सरकली तर टोक 2 मिमी उजवीकडे जातं. 57.15 मिमी व्यासाच्या बॉलवर एवढं पुरतं: नको असलेली फिरकी बसते, दिशाही चुकते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्यूला चामड्याचं टोक आलं, म्हणून मुद्दाम फिरकी देणं जमू लागलं. 1835 मध्ये कोरिओलिसने (हो, तोच, कोरिओलिस बलवाला!) बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलं. पण टोकाची पकड वाढली तशी मनगटाची चुगलीही बॉल करायला लागला.

आता मूळ प्रश्न: साधनामुळे हात शिकतो का? 1932 मध्ये ट्रोब्रिज आणि केसन यांनी लोकांना डोळे बांधून तीन इंचांच्या रेषा काढायला लावल्या. एका गटाला काहीच सांगितलं नाही, एकाला निरर्थक अक्षरं ऐकवली, एकाला फक्त बरोबर की चूक, आणि शेवटच्याला नेमकी किती चूक झाली ते. शेवटचा गट सरस ठरला. मग पुढची कित्येक वर्षं समज असा की जितकी जास्त माहिती द्याल तितकं चांगलं.

1984 मध्ये सॅल्मनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी जुने प्रयोग पुन्हा तपासले. बहुतेकांनी मदत चालू असतानाची कामगिरी आणि मदत काढल्यावर टिकलेलं शिक्षण यांची गल्लत केली होती. (वाचताना मला माझाच पायलट दिसत होता.) 1990 मध्ये विन्स्टाईन आणि श्मिट यांनी कोपरातून लीव्हर हलवण्याचं काम दिलं. निम्म्याच प्रयत्नांनंतर निकाल कळलेला गट सरावात मागे नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी मदतीविना घेतलेल्या चाचणीत पुढे होता.

क्यूवाल्यांचा जुना उपाय मला म्हणूनच आवडतो. टेबलावर रिकामी बाटली आडवी ठेवायची आणि काचेला न लागता क्यूचं टोक तिच्या तोंडात आत-बाहेर करायचं. बाटली मनगट धरत नाही, चुकलं की फक्त टिंग वाजते. हात सुधारला की आवाज आपोआप कमी होतो. 1988 मध्ये शेरवूडने असंच काहीसं तपासलं होतं: चूक ठरावीक मर्यादेबाहेर गेली तरच सांगायची. दहा टक्क्यांची मर्यादा ठेवलेल्या गटाच्या हालचाली नंतर जास्त सुसंगत निघाल्या.

अर्थात, यात कुणाच्याही हातात क्यू नव्हता. पट्टा विरुद्ध बाटली हा माझा अंदाज झाला, निष्कर्ष नव्हे. तपासायचंच तर दोन्ही गटांना आठवडाभर सराव द्या, दोन दिवस सुट्टी द्या, आणि मग पट्टाही नाही, बाटलीही नाही, नुसतं टेबल.