लायब्ररी कंपाइल कोण करतं?

'पिप इन्स्टॉल नमपाय' असं टाइप केलं की मिनिटभरात लायब्ररी हजर होते. ही सोय वाटते तितकी जुनी नाही.

१९८५ साली जॅक डोंगारा आणि एरिक ग्रोस यांनी नेटलिब सुरू केलं. ई-मेल पाठवायचा, उत्तरात गणिती रूटीन्सचा सोर्स कोड यायचा, बहुतेक फोरट्रानमधला. पुढचं कंपाइल करणं ज्याचं त्याने. कारण सरळ होतं: प्रत्येक ठिकाणी वेगळं मशीन, वेगळा कंपायलर. एकच बायनरी सगळीकडे चालणार कशी? १९९१ मध्ये ऑटोकॉन्फ आलं आणि आधी 'कॉन्फिगर', मग 'मेक' ही पद्धत रुळली. म्हणजे मशीन तपासायचं काम स्क्रिप्टने घेतलं, कंपाइल करणं मात्र आपल्याकडेच राहिलं.

पायथॉनमध्येही हेच घडलं. २००० पासून डिस्ट्युटिल्स होतं, पण सायपायसारख्या लायब्ररीच्या पोटात सी आणि फोरट्रान आहे. कंपायलर नसेल तर गाडी तिथेच अडायची. २०१२ मध्ये कोंडा आलं, २०१३ मध्ये 'व्हील' हा तयार बायनरीचा फॉरमॅट मंजूर झाला. लिनक्सवर मात्र प्रत्येक वितरणाची सी लायब्ररी वेगवेगळ्या आवृत्तीची. त्यावर २०१६ मध्ये 'मेनीलिनक्स' हा तोडगा निघाला: मुद्दाम जुन्या सेंटओएस ५ वर कंपाइल करायचं. जुन्या जीलिबसीवर बांधलेली बायनरी नव्यावर चालते, उलट सहसा चालत नाही.

मग बिघडलं कुठे? बिघडलं काहीच नाही, फक्त निर्णय आपल्या नजरेआड गेले. नमपायच्या लिनक्सवरच्या व्हीलमध्ये मॅट्रिक्सचे गुणाकार करणारी ओपनब्लास लायब्ररी आधीच भरलेली असते. कोंडातून तेच नमपाय घेतलं, तर तिच्या जागी इंटेलची एमकेएल असू शकते. दोघी बेरजा वेगळ्या क्रमाने करू शकतात, आणि संगणकात क्रमाने फरक पडतो. पायथॉनमध्ये (०.१ + ०.२) + ०.३ करून बघा: ०.६००००००००००००००१ येतं. कंस पुढच्या दोघांना घातला की ०.६. लांबलचक सिम्युलेशनमध्ये हा शेपटाचा फरक वाढत जाऊ शकतो. मग परीक्षक विचारतात, 'तुमचे आकडे माझ्याकडे का येत नाहीत?', आणि कोड तर दोघांचा एकच असतो.

म्हणून सगळं स्वतः कंपाइल करत बसा, असं मी म्हणणार नाही. जुन्या काळीही कंपायलरचे फ्लॅग्ज लिहून ठेवले नाहीत, तर सहा महिन्यांनी ते कुणाला आठवत होते? पण आज दोन मिनिटं काढा. 'पिप फ्रीझ'चं आउटपुट फाइलमध्ये ठेवा, नमपायचं 'शो_कॉन्फिग' चालवून कोणती ब्लास आहे ते बघा, आणि दोन्ही प्रबंधाच्या परिशिष्टात टाका. कंपाइल दुसऱ्याने केलं तरी निकालाखाली सही आपलीच असते.