मिश्रमाध्यम टॅग

मालाच्या गठ्ठ्याला बांधायच्या जाड कागदी चिठ्ठीवर शाई, रंग, छाप व कागदाचे कपटे यांचे थर चढवून केलेली छोटी कलाकृती. भोकाभोवती कागदी चकती लावून बळकट केलेल्या टॅगचे पेटंट अमेरिकेत ई. डब्ल्यू. डेनिसन यांनी १८६३ मध्ये घेतले. हस्तकलेत तो रुजवण्यात टिम होल्ट्झ या अमेरिकन कलाकाराच्या नाताळच्या बारा टॅगांच्या मालिकेचा वाटा मोठा आहे. या कामात ८ क्रमांकाचा, सुमारे सव्वासहा इंच लांबीचा टॅग विशेष वापरला जातो.

सारे कौशल्य थरांच्या क्रमात असते. ‘डिस्ट्रेस’ या नावाने विकली जाते तशी पाण्यात विरघळणारी शाई वाळल्यावरही पाणी लागताच पुन्हा पसरते. अ‍ॅक्रिलिक रंग मात्र वाळला की त्याचा न विरघळणारा पापुद्रा होतो. त्यामुळे अशा शाईवर ओला पांढरा अ‍ॅक्रिलिक फिरवला, तर खालचा रंग वर झिरपतो आणि पांढरा मळकट होतो. कोऱ्या कागदात शाई मुरते, जेसो, म्हणजे रंगाआधी द्यायचे अस्तर, लावलेल्या पृष्ठावर ती वरच राहते व ओल्या फडक्याने पुसून फिकी करता येते. एम्बॉसिंगची, म्हणजे वितळून उठावदार नक्षी करणारी, पांढरी पूड ओल्या छापावर टाकून उष्ण हवेच्या यंत्राने वितळवली, की तेवढा भाग शाई धरत नाही. वरून शाई लावून पुसल्यावर नक्षी शुभ्र उठते. हा परिणाम सर्वांत देखणा.

लाल-हिरव्यासारखे विरोधी रंग ओले असताना मिसळले, तर तपकिरी चिखल होतो. म्हणून प्रत्येक थर पूर्ण वाळवावा.