टांके घालणारें यंत्र

जखम शिवावयाची म्हटली म्हणजे सुई आणि दोरा हींच साधनें आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु दोऱ्यावांचून जखम सांधण्याची युक्ति फार जुनी आहे. फाटलेल्या आंतड्याच्या कडा जुळवून त्यांना काळ्या मुंग्यांकडून चावे घेववावे आणि मग मुंग्यांचीं डोकीं तेवढीं राखून धडें तोडून टाकावीं, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. मुंगीच्या जबड्याचें हें काम यंत्राकडून करवून घेण्यास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें.

त्या शतकाच्या आरंभीं जठर कापणें म्हणजे रोग्याच्या प्राणाशींच गांठ असे. जठरांतील द्रव पोटांत सांडला कीं आंतल्या आवरणाचा दाह होई, आणि त्यावर पेनिसिलिनसारखें औषध तेव्हां नव्हतें. बुडापेस्ट येथील शस्त्रवैद्य ह्युमेर ह्युल्टल यांनीं विचार केला कीं, आधीं कापून मग शिवण्यापेक्षां आधीं शिवून मग कापावें. हत्यारें घडविणारे व्हिक्टर फिशर यांच्या साह्यानें १९०८ सालीं त्यांनीं यंत्र सिद्ध केलें. तें पोलादी तारेच्या टांक्यांच्या चार ओळी घाली. त्यांच्या मधोमध कापलें कीं दोन्ही तोंडें बंदच राहत. तारेचीं टोकें आंत वळून इंग्रजी 'बी' अक्षरासारखा आकार होई. त्याच्या पोकळींतून बारीक रक्तवाहिन्या वाहत्या राहत, म्हणून कडांचें पोषण तुटत नसे.

कल्पना अशी पहिल्याच प्रयत्नांत साधली. परंतु यंत्राचें वजन सुमारें साडेतीन किलोग्रॅम होतें आणि तें जुळवून भरण्यास दोन तास लागत! १९२१ मध्यें हंगेरीच्याच अलादार पेट्झ यांनीं दोन ओळींचें, पुष्कळ हलकें यंत्र पुढें आणलें. दुसऱ्या महायुद्धानंतर मॉस्कोंतील संशोधकांनीं निरनिराळ्या अवयवांसाठीं निरनिराळीं यंत्रें केलीं. १९५८ सालीं अमेरिकन शस्त्रवैद्य मार्क रॅव्हिच यांनीं सोव्हिएट देशांत तीं पाहिलीं व त्यांतील एक मायदेशीं नेलें. १९६७ पासून अमेरिकेंत, टांके आधींच भरलेल्या पेटिका बसवावयाचीं यंत्रें मिळूं लागलीं आणि भरण्याचा खटाटोप संपला.

आज हे टांके बहुधा टायटेनियमचे असतात आणि शरीरांत तसेच राहूं शकतात. तथापि टांका फार घट्ट बसला तर रक्त अडतें, सैल राहिला तर द्रव झिरपतो. ऊतीची जाडी पाहून टांक्याची उंची निवडणें हें काम अद्याप शस्त्रवैद्याच्या विवेकाकडेच आहे, आणि रोग्याचें बरेवाईट त्यावरच अवलंबून असतें.